चुरा, दगड आणि चिखल

गेल्या दोन अंकांत खात्यावरील नामांकन आणि लॉकरचे नियम यांविषयी लिहिल्यानंतर या महिन्यात मी थेट स्वयंपाकघरात शिरतो आहे, याचे नियमित वाचकांना नवल वाटेल. माझे मलाही वाटते. अडतीस वर्षे बँकेत काढलेल्या आणि निवृत्तीपर्यंत गॅसची शेगडी क्वचितच पेटवलेल्या माझ्यासारख्या माणसाने गेल्या जुलैपासून ओट्सच्या बारच्या अठरा खेपा केल्या आहेत. प्रत्येक खेपेची नोंद वहीत आहे. तारीख, वजने, पाकाचा वेळ, हवा कोरडी की दमट, आणि शेवटच्या रकान्यात सौ.चा अभिप्राय. हा शेवटचा रकाना पुष्कळदा एकाच शब्दाचा आहे, आणि त्यांतले तीन शब्द या लेखाचे शीर्षक झाले आहेत.

कारण घरगुतीच आहे. थोरल्या चिरंजीवांची कन्या पुण्यात अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असून वसतिगृहात राहते. रात्री न जेवण्याचा नियम तिने नववीत असताना आपण होऊन घेतला. घरातून कोणी आग्रह केलेला नव्हता. सांगलीत असताना तो निभावणे सोपे होते. पुण्यात प्रात्यक्षिके साडेपाच-सहापर्यंत चालतात आणि खानावळीचे दार साडेसातला उघडते. जुलैत सूर्य सव्वासातच्या आसपास मावळतो, डिसेंबरात सहाच्या सुमारास. खानावळ मात्र ऋतू पाहत नाही. पहिले वर्ष तिने केळी, चुरमुरे आणि फुटाणे यांवर काढले. दुसऱ्या वर्षाच्या आरंभी तिने जवळच्या दुकानातून हिरवा ठिपका पाहून ग्रॅनोला बार आणले. चार दिवस ते खाल्ले, आणि पाचव्या दिवशी सहज वेष्टनाच्या मागची बारीक अक्षरे वाचली. घटकांच्या यादीत ओट्सनंतर दुसरेच नाव मधाचे होते.

यात दुकानदाराने फसवले असे नाही. आपल्या खाद्यपदार्थांच्या नियमांत ज्याप्रमाणे दूध मांसाहारी गणले जात नाही, त्याचप्रमाणे मधही गणला जात नाही. त्यामुळे मध घातलेल्या पदार्थावर हिरवा ठिपका असणे कायद्याला धरूनच आहे. शाकाहारी पदार्थ आणि आपल्याला चालणारा पदार्थ हे दोन वेगळे हिशेब आहेत, एवढे ज्याने त्याने ध्यानात ठेवायचे. तिने ही गोष्ट दोन दिवस कोणाला सांगितली नाही. तिसऱ्या दिवशी आजीला फोन केला आणि बोलता बोलता रडली. सौ.ने तिला एका शब्दानेही बोल लावला नाही. फोन ठेवल्यावर मला म्हणाली, "दिवसभर तोच पेपर तिसऱ्यांदा वाचता. त्यापेक्षा पोरीला बांधून देता येईल असं काही बघा. आठवडाभर टिकलं पाहिजे आणि बॅगेत फुटता कामा नये."

लाडू का नाही, असे वाचक विचारतील. मीही विचारले. लाडू पहिल्या वर्षी देऊन झाले होते; ते बॅगेत पुस्तकांखाली फुटतात आणि वह्यांना तूप लागते. चिक्की टिकते, पण दोन चिक्क्यांवर रात्रभर पोट राहत नाही. प्रयोगशाळेतून वसतिगृहाकडे चालता चालता एका हाताने खाता यावे आणि पोटाला आधार व्हावा, असा पदार्थ तिला हवा होता. ओट्सचा बार या दोन्ही अटी पुऱ्या करतो. अडचण एकच. त्याचे सगळे गणित मधावर बेतलेले असते.

सूनबाईंनी फोनवरून उतरवून दिलेली कृती अशी होती: ओट्स, सुकामेवा, शेंगदाण्याचे लोणी आणि मध. त्यात अंजीरही होते. ते उदुंबर फळांच्या यादीतले, म्हणून पहिल्या वाचनातच गळाले. मधाच्या जागी तेवढ्याच वजनाचा गूळ घालावा, असा हिशेबी माणसाला सुचेल असा सरळ बदल मी केला. गूळ वितळवला, ओट्सवर ओतला, ताटात थापला, गरम असतानाच वड्या पाडल्या. दिसायला त्या उत्तम होत्या. सायंकाळच्या गाडीने डबा पुण्याला गेला आणि दुसऱ्या दिवशी नातीचा फोन आला, "आजोबा, बार पोचले नाहीत. भुसा पोचलाय. पण चांगलाय, चमच्याने खाल्ला."

हा पहिला दोष, चुरा. त्याची कारणे शोधायला मला चार खेपा लागल्या, कारण ती एक नसून चार होती, आणि मी दर वेळी एकच दुरुस्त करून स्वतःवर खूश होत होतो.

पहिले कारण म्हणजे पाकच नव्हता. गूळ नुसता वितळला म्हणजे पाक होत नाही. त्यातले पाणी पुरेसे आटले नाही तर तो ओट्सना चिकटण्याऐवजी त्यांच्यात मुरतो, आणि थंड झाल्यावर धरून ठेवायला काही उरत नाही. दुसरे कारण ओट्सचे. झटपट शिजणारे बारीक ओट्स दाबले की त्यांचे पीठ होते. जाड पाकळीचेच घ्यावेत. पण जाड पाकळ्यांमध्ये पोकळ्या राहतात. नुसत्या दगडांची भिंत उभी राहत नाही, मध्ये वाळू-चुना लागतो. येथे ते काम दाण्याचा भरड कूट आणि तीळ करतात. सुकामेवा अख्खा घातला तर बार बरोबर त्याच जागी तुटतो. बदामाचे निदान चार तुकडे व्हावेत. तिसरे कारण दाबण्याचे. मी उलथन्याने थोपटत होतो. सौ.ने ते एकदा पाहिले, वाटीच्या बुडाला तूप लावले आणि ताट जमिनीवर ठेवून अंगाचा भार देऊन मिश्रण दाबले. तिच्या दाबण्याने त्याची उंची निम्मी झाली. चौथे कारण मला सर्वांत उशिरा कळले, कारण तेथे आपले पारंपरिक ज्ञान आड येते. चिक्की गरम असतानाच कापावी लागते, गार झाल्यावर तिच्या फक्त ठिकऱ्या होतात. बारचे नेमके उलट आहे. त्याचा पाक मऊ असतो आणि तो सावकाश आवळत जातो. गरम असताना सुरी घातली की जुळत आलेले सगळे सांधे सुटतात. पूर्ण गार होईपर्यंत, म्हणजे सुमारे दोन तास, त्याला हात लावू नये. नंतरही सुरी ओढत न नेता वरून सरळ खाली दाबावी.

चुरा सुधारण्याच्या नादात मी दुसऱ्या टोकाला गेलो. पाक कमी पडतो ना, मग तो अधिक आटवू, असे म्हणून चिक्कीचाच पाक केला. सौ. माहेरी गेलेली होती, अडवायला कोणी नव्हते. बार असे झाले की माझ्या दाढेत दोन वर्षांपूर्वी भरलेले सिमेंट त्या दिवशी बाहेर आले. दंतवैद्याची फी मी वहीत त्या खेपेच्या खर्चात धरली आहे.

या बाबतीत मी एकटा नाही, हे कळल्यावर थोडे बरे वाटले. १८६३ साली अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील डॅन्सव्हिल येथे डॉ. जेम्स कॅलेब जॅक्सन यांनी आपल्या आरोग्यधामातील रुग्णांसाठी 'ग्रॅन्युला' नावाचा पदार्थ केला. कोंड्यासहित गव्हाच्या पिठाचा तो भाजलेला चुरा इतका कडक असे की रात्रभर दुधात भिजवल्याशिवाय खाता येत नसे. पुढे डॉ. जॉन हार्वे केलॉग यांनी तशाच पदार्थाला 'ग्रॅनोला' हे नाव दिले. म्हणजे ज्या पदार्थापासून हे घराणे सुरू झाले, तोच मुळी दगड होता.

दगडाचे मूळ पाकाच्या तापमानात आहे. उकळत्या पाकातले पाणी जसजसे कमी होते तसतसे त्याचे तापमान चढते. ११२ ते ११६ अंश सेल्सियसच्या दरम्यान त्याचा थेंब थंड पाण्यात टाकला तर बोटांत धरता येईल अशी मऊ गोळी होते. १२० च्या पुढे गोळी घट्ट होते. १४५-१५० च्या घरात गेला की गोळी ताटलीवर टाकली असता टण्णकन वाजते. तो चिक्कीचा पाक. बारला पहिली, म्हणजे दाबली तर चपटी होणारी गोळी हवी. वाजणारी गोळी झाली की समजावे, कर्ज बुडाले.

हे वाचून मी मोठ्या उत्साहाने पाकाचा तापमापक मागवला. त्याने आणखी एक खेप दगड केली. गूळ जेमतेम दीडशे ग्रॅम, कढई पसरट, त्यामुळे तापमापकाचे टोक पाकात बुडतच नव्हते. तो १०८ दाखवत राहिला, मी ११६ ची वाट पाहत राहिलो आणि तोवर पाक वाजायला लागला. सौ. मागे उभी राहून वाटीत पाणी घेऊन वाट पाहत होती. ती काही बोलली नाही. वाटी तेवढी माझ्यासमोर ठेवली. तेव्हापासून तापमापक खणात आहे. ज्यांच्याकडे उभट आणि अरुंद भांडे आहे त्यांनी तो जरूर वापरावा. माझा अनुभव वाटीच्या बाजूने आहे. आणखी एक सांगून ठेवतो. जाड बुडाच्या कढईत गॅस बंद केल्यावरही पाक पुढे चढतच असतो. गोळी जमली की क्षणभरही न थांबता पाक मिश्रणावर जायला हवा. आणि मिश्रण त्या वेळी कोमट हवे. गार ओट्सवर पाक ओतला तर तो पडल्या जागी आवळतो. काही भाग खडा होतो आणि काही कोरडा राहतो. म्हणजे एकाच ताटात चुरा आणि दगड दोन्ही.

आता गुळाविषयी, कारण खरा घोळ तेथेच होता. पाक अचूक, दाब अचूक, कापणी वेळेवर, असे असूनही माझे बार तिसऱ्या दिवशी कोरडे आणि रवाळ होऊ लागले. पहिल्या दिवशी मऊ, तिसऱ्या दिवशी हाताने मोडले तर वाळूसारखे. मध घातलेले बार असे होत नाहीत. का होत नाहीत, याचे उत्तर शर्करेच्या प्रकारांत आहे. गुळात मुख्यतः सुक्रोज असते आणि सुक्रोजला स्फटिक व्हायची घाई असते. पाक कणी धरतो तो त्यामुळे. मधात मुख्यतः फ्रुक्टोज आणि ग्लुकोज असतात. फुलांतून येणाऱ्या रसातले सुक्रोज मधमाशी आपल्या विकराने फोडून या दोन शर्करा तयार करते. त्यांतला फ्रुक्टोज सहजासहजी स्फटिक होत नाही, उलट हवेतला ओलावा धरून पदार्थ मऊ ठेवतो. माशीचे हे काम आपल्याला आगीवर करून घेता येते. सुक्रोज आम्लात उकळले की त्याचा काही भाग याच दोन शर्करांत फुटतो. म्हणून गूळ विरघळवतानाच त्यात लिंबाचा रस अर्धा चमचा घालावा. आंबटपणा लागत नाही. आपल्या आज्या साखरेच्या पाकात लिंबू पिळत असत ते केवळ मळी काढण्यासाठी नव्हे, हे मला वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी कळले.

कोणता गूळ, हाही प्रश्न आहे. १९९० च्या दशकात माझी बदली कोल्हापूरला असताना आमची शाखा गुळाच्या तारणावर कर्जे देत असे. मी नवा, कागदावरचे वजन पाहून मर्यादा ठरवणारा. एका वृद्ध अडत्यांनी मला गोदामात नेऊन रव्याचा कोपरा फोडून बोटांत चोळायला लावला. "साहेब, गूळ जिवंत असतो. जूनमध्ये पाणी ओढतो, पाझरतो. तारण घेताना वजनाबरोबर महिना बघा." त्या वेळी मी ते कर्जाच्या फाइलमध्ये नोंदवले, आता तेच स्वयंपाकघराच्या वहीत नोंदवले आहे. चिक्कीचा म्हणून मिळणारा चिकट गूळ बारला घेऊ नये, त्याचा पाक फार लवकर कडक होतो. वडी-चिक्कीला तो उत्तम. रोजच्या वापराचा, बोटांत चोळला असता कणी लागणारा साधा गूळ घ्यावा. अति पिवळाधमक गूळ दिसायला सुंदर असतो, पण तो रंग रसायनांनी आणलेला असण्याचा संभव अधिक. मी तपकिरी गूळ वापरतो. पावसाळ्यात तो आधीच ओला असतो, म्हणून पाण्याचे प्रमाण कमी करावे आणि गोळीची परीक्षा एक मिनिट आधीपासून सुरू करावी.

गुऱ्हाळे चालू असतील त्या महिन्यांत आमच्या भागात काकवी मिळते. मधाला तिच्याइतका जवळचा पर्याय नाही. नुसत्या काकवीचे बार मात्र हाताला चिकटतात. चार भागांपैकी तीन भाग गूळ आणि एक भाग काकवी घेतली तर लिंबाचीही गरज राहत नाही.

तिसरा दोष चिखलाचा, आणि तो सर्वांत महाग पडला. गुळाचा त्रास टाळण्यासाठी ऑगस्टात मी खजुराची चटणी वापरून पाहिली. पाक नको, गोळी नको, सगळे मिक्सरमध्ये. बार पहिल्या दिवशी सुरेख झाले. मीच गडबडीत ते कोमट असताना डबा बंद केला. बाहेर पाऊस, आत वाफ. खजुरात ओलावा असतोच. ओट्सनी तो शोषला, बार लोंबू लागले, आणि पाचव्या दिवशी नातीला एका कडेवर पांढरी बुरशी दिसली. आपल्या घरांत बुरशीचा अर्थ काय, हे या मासिकाच्या वाचकांना सांगायला नको. तिने तो डबा तसाच बंद करून ठेवला आणि फोन केला. त्या संध्याकाळी तिने काय खाल्ले असे मी विचारले. "पाणी प्यायले आजोबा, साडेसहाला. काही होत नाही एका दिवसाने." सौ.ने माझ्याकडे पाहिले. वहीत त्या खेपेच्या शेवटच्या रकान्यात काहीच लिहिलेले नाही.

दुसऱ्या दिवशी तिने नियम घालून दिला. आमच्या घरी पिठाची मर्यादा हिवाळ्यात ७, उन्हाळ्यात ५ आणि पावसाळ्यात ३ दिवस पाळली जाते. श्वेतांबर घरांतून मिठाईला अनुक्रमे ३०, २० आणि १५ दिवस धरतात. बारला आमच्यापुरती पिठाची मर्यादा लागू झाली. पावसाळ्यात सहा-सहा बारांचे दोन डबे आठवड्यातून दोनदा, हिवाळ्यात बारा बारांचा एक. मी सुरुवातीला वाहतुकीचा खर्च दाखवून हरकत घेतली. नंतर माझीच वही चाळली तर ओलाव्याने बिघडलेल्या सर्व खेपा जुलै ते सप्टेंबरच्या निघाल्या. तेव्हा हरकत मागे घेतली. ज्यांच्या घरचे नियम अधिक कडक असतील त्यांनी अर्थातच त्याप्रमाणे करावे.

आता जे प्रमाण ठरले ते देतो. जाड ओट्स २०० ग्रॅम, चाळून आणि निवडून. भाजलेल्या दाण्याचा भरड कूट ५० ग्रॅम, तीळ २५, मगज २५, तासगावकडचे बेदाणे ५०. पाकासाठी गूळ १६० ग्रॅम, पाणी तीन मोठे चमचे, लिंबाचा रस अर्धा चमचा, तूप ३० ग्रॅम, आणि भाजलेले दाणे तेल सुटेपर्यंत वाटून केलेला लगदा ५० ग्रॅम. मीठ चिमूटभर, सुंठ चालत असल्यास पाव चमचा.

ओट्स कढईत मंद आचेवर आठ-दहा मिनिटे, खमंग वास येऊन पाकळी बोटांत कुरकुरीत मोडेपर्यंत भाजावेत. ही पायरी चुकवू नये. कच्च्या ओट्सचा बार दुसऱ्या दिवशी कणकेसारखा लागतो. तीळ आणि मगज वेगळे भाजावेत, कारण तिळाला लागणारा वेळ ओट्सच्या निम्माही नाही. सर्व एकत्र करून झाकून कोमट ठेवावे. गूळ पाण्यात विरघळला की तो एकदा गाळून घ्यावा, त्यात खर असतेच. मग लिंबाचा रस घालून मध्यम आचेवर उकळावे आणि उकळी आल्यावर ढवळणे थांबवावे. सारखे ढवळले की कणी धरते. चार-पाच मिनिटांत वाटीतील परीक्षा सुरू करावी. गोळी जमून दाबली असता चपटी झाली की गॅस बंद, त्यात तूप आणि दाण्याचा लगदा, दोन वळसे, आणि लगेच मिश्रणावर. बेदाणे अगदी शेवटी. तूप लावलेल्या आठ इंची चौकोनी ताटात घालून सौ.च्या पद्धतीने, म्हणजे दया न दाखवता, दाबावे. कोपरे विसरू नयेत. माझे पहिले तुटलेले बार नेहमी कोपऱ्यातलेच असत. दोन तासांनी बारा तुकडे. पूर्ण गार झाल्यावर एकेक बार लोणी-कागदात गुंडाळून स्टीलच्या डब्यात. फ्रिजमध्ये ठेवू नये, विनाकारण कडक होतात.

बिघडलेल्या खेपेचे काय करावे, हे व्यापारी घरांत आधी विचारले जाईल. चुरा झाला तर तो दुधाबरोबर खाण्यास उत्तम, त्याला बाजारात ग्रॅनोला म्हणूनच वेगळी किंमत येते. दगड झाला तर खलबत्त्यात कुटून पुढच्या खेपेत कुटाऐवजी वापरता येतो. मी त्याला कर्जाची पुनर्रचना म्हणतो. चिखल ताजा असेल, त्याच दिवशीचा असेल, तर तव्यावर मंद आचेवर परतून पुन्हा थापता येतो. डब्यात राहिलेला चिखल मात्र ठेवू नये.

खर्चही मांडला आहे. आमच्या पेठेतल्या सध्याच्या भावाने एका खेपेला १२६ रुपये पडतात, गॅस निराळा. म्हणजे बारला साडेदहा रुपये. दुकानातला त्याच वजनाचा बार चाळीस-पन्नासच्या खाली मिळत नाही. माझी मजुरी धरली तर हिशेब उलटतो, पण निवृत्तिवेतन मिळणाऱ्याने ती धरू नये असे सौ.चे मत आहे.

पुण्याला डबा धाडण्यापूर्वी मी एक परीक्षा घेतो. डबा स्कूटरच्या डिकीत ठेवून विश्रामबागपासून गणपती पेठेपर्यंत जाऊन येतो. रस्त्यावरचे खड्डे एरवी कितीही त्रासाचे असले तरी या कामाला त्यांच्यासारखे यंत्र नाही. चौदाव्या खेपेला बारांपैकी दोन मोडले, सोळाव्या खेपेला एक. सतराव्या खेपेचे सर्व बारा अखंड परत आले, त्या दिवशी मी पेठेतून येताना सौ.साठी गजरा आणला. "हे कशाबद्दल?" असे तिने विचारले. मी वही दाखवली. तिने शेवटच्या रकान्यात लिहिले, "ठीक".

अठरावी खेप गेल्या शनिवारी गेली. परवा नातीचा फोन आला. परीक्षा जवळ आल्याने अभ्यासिकेत बसते, पावणेसहाला खिडकीजवळ जाऊन दोन बार खाते. तिच्या खोलीतल्या मुलीला ते आवडले म्हणून आता बाराऐवजी सोळा लागतील. आणि तीळ दातांत अडकतात, ते कमी करा, असेही तिने सांगितले आहे. तीळ निम्मे केले तर पोकळ्या भरायला कूट वाढवावा लागेल, आणि कूट वाढला की पाकही थोडा वाढवावा लागेल. सोळा बारांसाठी मोठे ताट सौ.ने माळ्यावरून काढून ठेवले आहे. एकोणिसाव्या खेपेचे पान आखून तयार आहे.